डावीकडे बघणारा मोर

"वकीलबाई, माझा मोर चोरला की कुणीतरी!"

नीलम्माने मोबाइल टेबलावर आपटला. एका ऑनलाइन खेळात लोक आपल्या आभासी घरात मोराचं वॉल हँगिंग विकत घेऊन टांगत होते. मोर डावीकडे बघत होता. रंग, पिसं, सगळं नीलम्माच्या सोलापुरातल्या हातमाग कारखान्याचं. तोच तिचा ट्रेडमार्क.

वकील उत्कर्षाने आठवडाभर पत्रं धाडली. खेळाच्या कंपनीचं एकच ठरीव उत्तर: तुमची नोंदणी कापडाची, डिजिटल वस्तूंची नाही, विक्रेत्याचं नाव सांगता येणार नाही. पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "मॅडम, नक्की गेलं काय?"

"सतीशच तो," नीलम्मा म्हणाली. "डिझाइनं तोच काढायचा. मोर खेळात दिसला त्याच दिवशी हाकलला त्याला."

वैतागलेली उत्कर्षा सोलापूरजवळच्या कुंभारीला सतीशच्या घरी गेली.

"मोराचं डिझाइन कुणाकडे होतं?"

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. माझ्याकडं हा कागद तेवढा, दुसरीकडं कुटंच न्हाय."

त्याने मोराचा जुना कागद पुढे केला. उत्कर्षा चमकली. "हा मोर उलटा कसा?"

"आमच्याकडं हँगिंग उपडं विणतात, ताई. कागदावर तोंड डावीकडं काढायचं. कापड सुलटं केलं की उजवीकडं येतंय."

उत्कर्षा तडक कारखान्यात आली. ऑफिसात नीलम्मा होती, शेजारी तिचा भाचा शिवराज वेबसाइट सांभाळत बसला होता.

"शिवराज, कधी मागावर बसलास?"

"मी? छे! त्या धाग्यातलं मला काय कळतंय?"

"तेच तर!" उत्कर्षा म्हणाली. "बाजारातला मोर उजवीकडे बघतो, खेळातला डावीकडे. म्हणजे चोराने कापडाचा फोटो घेतला नाही, कॉम्प्युटरवरची फाइल उचलली. फाइल तुम्हा दोघांच्याच हाताशी, तुझ्या आणि सतीशच्या. पण जन्मभर उलटं काढून सुलटं विणणारा सतीश मोर पालथा विकणार नाही. ही चूक माग न कळणाऱ्याची."

शिवराजचा चेहरा उतरला. मग तो भडकला.

"तीनदा सांगितलं आत्याला, डिजिटलसाठी अर्ज कर म्हणून! हसली. म्हणाली, खेळातलं कापड कोण घेतंय? म्हणून मीच विकलं. घेतात की लोक!"

"मग सतीशवर आळ आला तेव्हा गप्प का बसलास?"



 नीलम्माने डिजिटल वस्तूंच्या नोंदणीच्या नव्या अर्जावर सही केली आणि शिवराजकडून ऑफिसच्या किल्ल्या मागून घेतल्या. सतीशला फोन लावला. त्याने उचलला नाही.

"रिक्षा बोलवा," ती म्हणाली. "कुंभारीला जायचंय."