डावखुऱ्याचा चाकू

हे सगळं खरं घडलेलं आहे. कोंडीराम इंगळेने यातलं काहीही रचलेलं नाही. रचायला जो वेळ आणि उत्साह लागतो, तो त्याच्याकडे कधी नव्हताच.

साल २००६. मे महिना. जागा, हिंजवडीतल्या एका कंपनीच्या मागे बस उभ्या करायचा पट्टा.

आणि वेळ... रात्रीची नव्हे. भर दुपारची, एक ते तीनच्या मधली.

कोंडीराम मूळचा वाशिमकडचा. कारखाना बंद पडल्यावर तो कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. पहाटे चारला उठायचं, वारज्यातून बस काढायची, कर्वेनगरची पोरंपोरी भरायची आणि साडेसातला हिंजवडी गाठायची. संध्याकाळी सहाला तेच उलटं. घरी पोचायला नऊ. चाळिशी उलटली होती. झोप कधी पुरी व्हायचीच नाही.

मधल्या वेळात बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे. कोंडीराम चाकू काढून बसायचा.

त्याला जुन्या चाकूंचा नाद होता. घडीचे, खिशात मावणारे. सुट्टीच्या रविवारी तो जुन्या बाजारात जायचा आणि भंगाराच्या ढिगांपुढे उकिडवा बसायचा. घरी बिस्किटांच्या डब्यात असे अकरा चाकू होते. ते नुसते ठेवायला नव्हते. रोज एकाची पाळी. त्यानं पेरू कापायचा, कांदा चिरायचा, सीटचा निघालेला दोरा तोडायचा.

पात्याचा आकार मात्र त्याला एकच आवडायचा. धार पट्टीसारखी सरळ. पाठ टोकाकडे उतरत येऊन धारेला मिळालेली. म्हणजे पुढे टोक असं नाहीच. असा चाकू कुणाला टोचत नाही, आणि फळीवर ठेवला की पुरी धार टेकते. कोंडीराम म्हणायचा, हा चाकू फक्त कापतो, बाकी कसली हौस नाही त्याला.

त्या रविवारी त्याला बारावा मिळाला.

शिंगाची मूठ, आत पितळेची पट्टी. घासून घासून पातं करंगळीएवढं अरुंद झालेलं, तरी धार सरळ. विकणारा म्हणाला, हिंजवडीकडच्या पाडलेल्या घरांच्या भंगारात आला. कलमं करायचा चाकू दिसतोय.

कोंडीरामने तो हातात धरला. नीट बसेना. मुठीवर अंगठ्याचा खळगा पडला होता, पण उलट्या बाजूला.

त्याने चाकू डाव्या हातात घेतला...

अगदी चपखल बसला.

सोमवारी दुपारी तो बसच्या मागच्या लांब सीटवर आडवा झाला. दारं बंद. आत कुणी नाही. डोळा लागतो न लागतो तोच...

टक्.

घडीचा चाकू उघडल्यावर स्प्रिंग बसते, तो आवाज. ज्याने अकरा चाकू हजारदा उघडलेत त्याला तो चुकत नाही.

तो उठून बसला. बस रिकामी होती. चाकू खिशातच होता, मिटलेला. फक्त डाव्या खिशात. कोंडीराम चाकू कायम उजव्या खिशात ठेवायचा.

मंगळवारी आवाज वेगळा आला. दगडावर पातं फिरवल्याचा. सावकाश, न थकता. त्याने डोळे उघडले आणि आवाज थांबला.

नुसता तोच थांबला नाही...

इमारतीवरच्या एसीची घरघर थांबली. कावळे थांबले. दूर कुठेतरी खडी उतरवत होते, तेही थांबलं. कोंडीरामला फक्त श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, धाप लागलेला.

त्याने स्वतःचा श्वास रोखून पाहिला.

तो दुसरा श्वास चालूच होता.

बुधवारी सकाळी वाहतूक विभागाच्या रणजितने त्याला बोलावून घेतलं. शेवटच्या सीटचं निळं रेक्झिन कुणीतरी कापून नेलं होतं. बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या, एकसारख्या.

"बसमध्ये उंदीर पाळलेत का तुम्ही?" रणजित म्हणाला. "शिकलेले दिसतात. सरळ रेषेत कुरतडतात."

कोंडीरामने मान खाली घातली. त्याच्याकडे चाकू असतात हे सगळ्यांना माहीत होतं. रणजितने आवाज न चढवता सांगितलं, की पुन्हा असं दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून यायचे कष्ट घेऊ नका.

त्या पट्ट्या त्याला दुपारी सापडल्या.

भिंतीलगत कंत्राटदाराने सप्तपर्णीची नऊ झाडं लावली होती. मनगटाएवढी खोडं. पहिल्या झाडाच्या सालीवर चीर पाडून आत एक काडी बसवली होती आणि वरून निळ्या रेक्झिनची पट्टी घट्ट गुंडाळली होती. दुसऱ्या झाडालाही तेच. तिसऱ्यालाही.

चिरेतून पांढरा चीक गळत होता. ओला, ताजा.

कोंडीरामने आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं...

तिथेही चीक होता.

तो जन्मभर उजव्या हाताचा. कलम कसं करतात हे त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घातली, की झोप कमी पडते, झोपेत माणूस काहीबाही करत असेल. घरी गेल्यावर चाकू डब्यात टाकला आणि डबा कपाटावर ठेवला.

जेवताना बायको त्याच्याकडे बघत बसली.

"अहो, सोमवारपासून बघतेय मी," चंद्रभागा म्हणाली. "डाव्या हातानं का जेवता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बस भरलेली होती. बेचाळीस जण. बहुतेक माना टाकून झोपलेले. वाकडचा पूल चढताना त्याने गिअर बदलला, आणि डावा हात गिअरवरून निघाला. त्याने काढला नव्हता. हात खिशाकडे गेला.

खिशात काही नव्हतं. चाकू घरी होता.

टक्...

त्याने खाली पाहिलं. डाव्या मुठीत उघडं पातं होतं.

मागून ट्रक हॉर्न देत होता. कोंडीरामने एका हाताने बस कशीबशी कडेला घेतली आणि ब्रेक दाबून धरला. मागे एका मुलीने डोळे किलकिले करून विचारलं, आलं का ऑफिस? तो म्हणाला, नाही, झोपा.

स्वतःच्या जिवाचं त्याला तितकंसं वाटलं नाही. पण ती बेचाळीस पोरं त्याच्या भरवशावर झोपली होती.

गेटबाहेर कांताबाईंची चहाची टपरी होती. त्या इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. त्याने चाकूचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की कलमं करणारा, डाव्या हाताचा असा कुणी होता का गावात?

कांताबाई लगेच म्हणाल्या, व्हता की. त्यांचे दीर, सर्जेराव. डावखुरे. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं कलम फुकट जात नसे. जमीन जाणार हे कळलं, मोजणी झाली, खुंट्या ठोकल्या, तरी ते रोज दुपारी जाऊन कलमं बांधत राहिले. लोक हसायचे. शेवटी धाप लागून गेले.

"काम राह्यलं त्याचं," कांताबाई म्हणाल्या. "तेवढं पुरं करायचं व्हतं त्याला."

कोंडीरामला हायसं वाटलं. विचित्र आहे, पण भीतीपेक्षा आधी हायसंच वाटलं. थकलेला म्हातारा आहे. काम अर्धवट राहिलंय. हे त्याला समजण्यासारखं होतं.

शुक्रवारी दीड वाजता तो आपण होऊन झाडांपाशी गेला. आठ झाडं बांधून झाली होती. मधली पाच कधी बांधली गेली, ते त्याला आठवत नव्हतं. शेवटच्या झाडापुढे तो मांडी घालून बसला. चाकू उघडून डाव्या तळव्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

"घ्या उरकून," तो हळूच म्हणाला. "मलाही झोपायचंय."

एसीची घरघर थांबली. कावळे थांबले.

मग त्याची बोटं मिटली... एकेक करून.

हात चालू लागला. साल कापल्याचा बारीक आवाज आला. धाप कानाशी आली. ओल्या मातीचा वास आला, आणि आसपास सगळं काँक्रीट. मग अगदी जवळून, दमलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"धर."

कोंडीरामने उजवा हात पुढे केला. बोटांत पट्टीचं टोक आलं. त्याने ते धरून ठेवलं. दुसरं टोक कुणीतरी गुंडाळत गेलं, एक वेढा, दुसरा, तिसरा. गाठ बसली.

आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

त्याने डोळे उघडले. नववं झाड बांधलेलं होतं. हातात चाकू नव्हता. आसपास कुठेच नव्हता.

त्या दुपारी तो बसमध्ये गाढ झोपला. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. संध्याकाळी चहा प्यायला गेला तेव्हा त्याला राहवलं नाही. कांताबाईंना त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. जुना बाजार, शिंगाची मूठ, झाडं, ती "धर" अशी आलेली हाक. म्हणाला, तुमच्या दिरांचं काम झालं, आता शांत होतील ते.

कांताबाईंनी स्टोव्ह बंद केला.

"त्याचा चाकू?" त्या म्हणाल्या. "म्या स्वतः ठिवला त्याच्या हातात, सरणावर. जळताना बघितलाय."

कोंडीरामने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आन् सर्जेरावाची बाग वढ्याच्या पल्याड. जिथं ती काचंची बिल्डिंग हाय तिथं. तू म्हणतोस त्या जागंला तो कधी पाय ठिवायचा न्हाई. कुणीच न्हाई. गुरंबी चरायला जात न्हवती तिथं."

"का?" कोंडीरामने विचारलं.

कांताबाईंनी टपरीच्या फळ्या लावायला घेतल्या. अजून सहाही वाजले नव्हते.

कोंडीराम आजही तीच बस चालवतो. दुसरा रूट मागितला होता, मिळाला नाही. रणजितने सप्तपर्णीच्या पट्ट्या कापून काढायला माळी पाठवला होता. माळ्याने एका झाडाला हात लावला आणि निघून गेला. का गेला, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

जुलैत त्या नऊही काड्यांना पालवी फुटली. पानं आंब्याची नाहीत, पेरूची नाहीत. कोंडीरामने एक पान तोडून इथल्या तिथल्या रोपवाटिकांत दाखवलं. कुणालाच ओळखता आलं नाही.

वाढतात मात्र झपाट्याने.

एक ते तीनच्या मध्ये वारा पडलेला असतो, तरी ती पानं हलतात. कोंडीराम ड्रायव्हरच्या सीटवर, काच वर करून, ताठ बसून राहतो. डोळे चुरचुरतात, पापण्या जड होतात.

तो झोपत नाही. कारण आपण कुणाला मदत केली, हे त्याला अजूनही माहीत नाही.