सहाशेएकेचाळिसावं भोक

माझं काम निवडीचं. आकाशाच्या एकेका तुकड्यात हजारो निळसर ठिपके असतात. त्यातले जवळचे तारे वगळायचे आणि अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला प्रकाश देणारे क्वेसार तेवढे ठेवायचे. एका तुकड्यातून सहाशेचाळीस. ती यादी वर्कशॉपमध्ये जाते. तिथे ॲल्युमिनियमच्या तबकडीला तितकीच भोकं पाडतात आणि खालच्या खोलीत वेधशाळेतले जुने कारागीर, आमचे काका, प्रत्येक भोकात हाताने एकेक काचतंतू खोचतात. तबकडी दुर्बिणीवर चढली की प्रत्येक तंतू आपापल्या क्वेसारचा प्रकाश पकडतो.

काकांच्या खोलीला खिडकी नाही, धूळ नको म्हणून. दार जड, आपोआप मिटणारं. छताला चार ट्यूबलाइट.

सोमवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"ताई, तंतू संपले आणि भोक उरलं."

"मोजण्यात चूक झाली असेल, काका."

"बायकोचा वाढदिवस विसरेन, भोक विसरायचो नाही."

दोघांनी मिळून मोजली. सहाशेएकेचाळीस. मी आकाशातल्या त्या जागेचं छायाचित्र काढून पाहिलं. नुसता काळोख, ठिपकासुद्धा नाही. वर्कशॉपवाला हात झटकून मोकळा झाला, "तुम्ही पाठवलं तेच पाडलं." त्याच्या फाइलमध्येही सहाशेचाळीसच होती. काकांनी भोकावर काळी चिकटपट्टी लावली.

गुरुवारी आकाशाचा तुकडा वेगळा, तबकडी नवी. भोक पुन्हा एक जास्त.

"एकदा तंतू घालून तर बघू," काका म्हणाले. "होऊन होऊन काय होईल?"

जादा तंतू कपाटातून मीच काढून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा वर्णपट आला. क्वेसारच्या रेषा रुंद असतात, टेकड्यांसारख्या. या सुईसारख्या उभ्या होत्या, आणि लाल बाजूला खूप सरकलेल्या. प्रकाश जितका लांबून येतो तितक्या त्याच्या रेषा सरकतात. हिशेबाने हा प्रकाश आठशे कोटी वर्षं वाटेवर होता. मी रेषा मूळ जागी ओढून आणल्या. पाऱ्याच्या वाफेच्या रेषा.

ट्यूबलाइट.

"खोलीतला उजेड शिरला असणार," साहेब म्हणाले.

"मग रेषा सरकल्या कशा, सर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढची यादी द्या. थांबायला वेळ नाही आपल्याकडे."

काकांनी कुणाला न विचारता बुधवारी ट्यूब उतरवल्या आणि एलईडी लावले. नंतरच्या वर्णपटात पारा नव्हता. एलईडीचं निळं टोक होतं आणि पिवळा उंचवटा. अंतर पाचशे कोटी वर्षं. एवढ्या काळापूर्वी निघालेल्या प्रकाशाला, आम्ही बुधवारी काय लावलं ते ठाऊक होतं.

त्यानंतरच्या तबकडीत शंभर कोटी.

काका दारात स्टूल अडकवून काम करू लागले. पाठ भिंतीला. मला तिथे दहा मिनिटंही बसवेना. श्वास पुरा आत जायचाच नाही. शेवटी मी रजा टाकली.

घरी मी आणि आई. पहिल्या दिवशी मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या लावून घेतल्या.

"भरदुपारी दिवे कसले लावतेस गं?" आई विचारायची.

मी आणखी एक लावायची.

दहाव्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला.

"खोलीला कुलूप घातलंय, ताई. दिवेच काढून टाकले. मी तबकड्या बाहेर व्हरांड्यात भरतो, उन्हात."

"आणि भोक?"

"आहे. काल रात्रीचा वर्णपट आला. तुमच्या जागेवरच्या बाई म्हणतात, रेषा तसूभरही सरकलेल्या नाहीत."

"प्रकाश कसला आहे?"

"एलईडीच. पण आमच्याकडे आता एकही नाही. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

मी डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं.

"एलईडी काय, घरोघरी असतो, काका."

"हो. पण जोडीला निऑनही आहे म्हणे. बटणांच्या बोर्डावर बारीक लाल दिवा असतो ना, तसला."

मी उठून घरभर फिरले. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, न्हाणीघर. सगळे बोर्ड जुने, साधे, काळ्या बटणांचे.

"आमच्याकडे नाही," मी म्हटलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली. "काका, आमच्याकडे तसलं काही नाही."

फोन ठेवला. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आईने बोलावलेला इलेक्ट्रिशियन आत्ताच तिथून हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला होता.

"अगं, इकडे ये बघू," आतून आई म्हणाली. "नवीन बोर्डाला लाल दिवा आहे बारीकसा. बरं झालं बाई, आता चाचपडायला नको."