तेल संपेपर्यंत

सणाच्या पहिल्या संध्याकाळी मी आमच्या मजल्यावर जिन्याच्या कडेनं पणत्या लावत होते. तेवढ्यात खालून कुणीतरी धाडधाड वर आलं आणि त्याच्या झपाट्यानं अर्ध्या पणत्या विझल्या.

“अहो वादळ! जरा हळू!”

तो जागीच थांबला. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातांना ग्रीस. वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला लिफ्टचा मेकॅनिक.

“लिफ्ट दुरुस्त करता आणि जिने चढता?”

“लिफ्टचं आतलं बघितलेला माणूस जिनाच चढतो,” असं म्हणत तो खाली बसला आणि एका पेटत्या पणतीवरून विझलेल्या लावू लागला. ज्योतीला त्याच्या काळ्या तळव्याचा आडोसा… मी ज्योत सोडून तळवाच बघत राहिले.

“जिन्यात बल्ब आहे की. मग हे कशाला?”

मीही आईला हेच विचारलं होतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी दुसरं काय विचारणार! आई म्हणाली होती, “बल्ब सगळ्यांसाठी असतो. दिवा कुणाची तरी वाट बघत लावायचा.”

हे त्याला कसं सांगणार? मी म्हटलं, “वात जळत नाही, माहितेय? ती नुसती तेल वर ओढते. जळते ती तेलाची वाफ. तेल संपलं, की मग वात जळते.”

“बापरे! तुमच्याशी गोड बोलायचं तरी कसं?”

“प्रयत्न करून बघा ना…”

त्यानं केला. सण संपला, तरी मी रोज एक पणती लावत राहिले. तो रोज जिन्यानंच यायचा. पणतीपाशी पावलं हळू व्हायची, तळवा आपसूक ज्योतीआड जायचा. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंही नाही.

“उद्या गावाहून आईला घेऊन येतोय,” एकदा तो म्हणाला. “वाटेत तुझ्याबद्दल सांगतो. घरी नेण्याआधी तिला इथंच आणतो, दिव्यापाशी.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“वेडी आहेस का… दिवा लावून ठेव.”

दुसऱ्या दिवशी मी नवी वात घातली, पणती तेलानं काठोकाठ भरली आणि उंबऱ्यात बसले.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. लिफ्ट घरघरली. आईंचे गुडघे दुखत असतील, मी मनाशी म्हटलं. थांबेल इथं.

लिफ्ट वर निघून गेली.

वरून आवाज आला, “खालच्या मुलीला आजच सांग बाबा. तिकडच्या स्थळाला आपण होकार दिलाय म्हणावं.”

“सांगेन गं. नंतर.”

“नंतर कशाला? कुणाच्या लेकीला असं तिष्ठत ठेवू नये.”

दार लागलं.

“कोण आलं गं?” आईनं आतून विचारलं.

“कुणी नाही. लिफ्ट होती.”

मी पणतीवर वाकले.

“फुंकू नकोस हं,” आई म्हणाली. “तेल संपलं की आपोआप शांत होतो दिवा.”

मी बसून राहिले. तेल मीच काठोकाठ घातलं होतं… वात जळायला अजून बराच वेळ होता.