शिक्क्यावाचून करार

"काका, करार गेला!"

सकाळी साडेआठला उत्कर्षाचा हा फोन. जनार्दन पॅरालीगल म्हणून, छोटी कायदेशीर कामं करत, तीस वर्षं राबून निवृत्त झाला होता, पण कॅनडातल्या किचनर गावच्या मराठी मंडळींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पोरांची परमिटं, घरमालकांची भांडणं, आणि आता चोरी. उसासा टाकत त्याने बूट चढवले.

उत्कर्षाच्या टेबलावर रिकामी फाइल पडली होती. वेगळं होताना तिने आणि तिच्या नवऱ्याने, प्रणवने, केलेला करार त्यात असायचा. राहतं घर उत्कर्षाचं, असं त्यात लिहिलेलं. आता प्रणव दूर सस्काटून शहरात राहायला निघाला होता आणि त्याला घर विकायचं होतं. उद्या वकिलांसमोर बैठक. कागद नसेल तर उत्कर्षाचं छप्पर जाणार, आणि तिच्या सासूबाईंचंही. शीलाताई मुलाला सोडून सुनेकडे राहिल्या होत्या. मराठी मंडळात ते दोन वर्षं चघळून झालं होतं.

"दुसरी प्रत?"

"प्रणवकडे. हरवली म्हणतो."

"हरवणारच. सह्या कुठे झाल्या?"

"याच टेबलावर. साक्षीदार म्हणून आईंनी सही केली. नोटरीकडे जायचं मात्र राहून गेलं, काका. तेच नडलं."

"नडलं की नाही ते नंतर बघू. फाइल कुठे होती?"

"देव्हाऱ्याखालच्या खणात. परवा प्रणव बेसमेंटमधून विंटर टायर न्यायला आला होता. जाताना ओरडला, शिक्का नाही त्याच्यावर, रद्दी आहे ती! त्यानेच नेला. दुसरं कोण नेणार?"

जनार्दन देव्हाऱ्यापाशी गेला. गणपतीपुढे ताजी सुपारी, वर अक्षता.

"आज काही विशेष, शीलाताई?"

"छे, काही नाही." त्यांनी चहाचा कप पुढे केला. त्यांच्या स्वेटरमधून पासपोर्टच्या पिशवीची दोरी डोकावत होती.

"काल तुम्ही बाहेर गेला होतात?"

"एवढ्या बर्फात कुठे जाऊ? उत्कर्षा कामावर, मी घरात."

दाराशी त्यांचे बूट होते. रस्त्यावरच्या मिठाने पांढरे पडलेले, तळाशी अजून ओले. जनार्दन खुर्चीत बसला. त्याचे गुडघे दुखत होते आणि त्याला हे लवकर संपवायचं होतं.

"उत्कर्षा, प्रणवला तो कागद रद्दी वाटतो. रद्दी कोणी चोरत नाही. ज्याला तो कागद पक्का करायचाय, त्यानेच नेला. काम तडीस जावं म्हणून गणपतीला सुपारी ठेवली, बर्फ तुडवत गेला. सोबत पासपोर्ट, कारण तिथे ओळख मागतात. शीलाताई, नोटरी काय म्हणाला?"

शीलाताईंचा चेहरा पडला.

"म्हणाला, सह्या आधीच झाल्यात, दोघांना घेऊन या. प्रणवला कशी नेऊ? आपल्याकडे भारतात शिक्क्याशिवाय कागदाला कुत्रं विचारत नाही, जनार्दनराव. वाटलं, गुपचूप मारून आणावा. नाही जमलं. मग सांगायची लाज वाटली."

पिशवीतून त्यांनी घडी घातलेला करार काढला.

"अहो आई!" उत्कर्षाला रडावं की हसावं कळेना. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा!"

"ऐका दोघी," जनार्दन म्हणाला. "इथे ऑन्टॅरियोत अशा कराराला नोटरी लागत नाही. लेखी हवा, दोघांच्या सह्या हव्यात, आणि त्या डोळ्यांदेखत बघणाऱ्या साक्षीदाराची सही. दटावून किंवा काही लपवून केला असेल तर कोर्ट मोडू शकतं. तसं झालं होतं?"

"अजिबात नाही. सगळी माहिती समोर मांडली होती. दोघांनी पोहे खाल्ले आणि सह्या केल्या."

त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मग शिक्का शोधत का हिंडलात? हा बघा. तुमची सही."

शीलाताई त्या सहीकडे बघत राहिल्या.

"पण प्रणव उद्या नाकारेल," जनार्दन थकल्या आवाजात म्हणाला. "तेव्हा तुम्हालाच बोलावं लागेल. त्याच्या तोंडावर."

उत्कर्षाने शीलाताईंचा हात धरला.

"पोटचा आहे हो माझा," शीलाताई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "पण माझ्याकडे बघून त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. उद्या किती वाजता निघायचं?"