घर आलं, उतर

आदिलाबादहून सायकलवर निघालं की दोन रस्ते आहेत. एक जैनथकडं जातो. तो सपाट. दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि पुढं पैनगंगा. दुसरा गुडीहत्नूरला मोठा रस्ता सोडून डावीकडं इंद्रवेल्लीच्या वाटेनं घाटात चढतो. पहिल्या रस्त्यानं मी उभा जन्म भाजी वाहिली. दुसऱ्या रस्त्यानं माझा मुलगा पंकज दर रविवारी नुसता जायचा आणि यायचा.

गावातली पाच-सहा पोरं होती. पातळ चाकांच्या सायकली, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. पंकज एका मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सायकल त्यानं कोणाची तरी जुनी घेतली होती, पण पुसायचा अशी की दारात नवी नवरी उभी आहे. त्याची आई, आशाबाई, त्याला पाहून तोंडाला पदर लावायची.

"चड्डी तरी धड घालत जाय बाप्पा. लोक काय म्हनतीन?"

"लोक मले पाहीपर्यंत मी गुडीहत्नूरले पोचतो, माय."

मी वांगी निवडत म्हणायचो, "अन् तिकून आणतो काय? रिकामा जातो, रिकामा येतो."

"हवा आणतो, बाबा. घाटातली. तुमच्या बाजारात भेटत नाई."

कार्तिकात घाट उतरताना एका वळणावर तो कापसाच्या लॉरीखाली गेला. त्याच्या मागं कुलदीप होता, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मी तिथं पोहोचलो तोवर कोणीतरी रस्ता पाण्यानं धुतला होता. बाभळीच्या काट्यांना कापूस अडकलेला होता. त्या रस्त्याला हिवाळाभर तसा कापूस अडकलेला असतो. गाड्या फार भरतात.

आमच्या घरी रस्त्यात गेलेल्या माणसाला परत आणायची रीत आहे. देह आणतात ते वेगळं. देहाचं झाल्यावर त्या जागी जायचं, नाव घेऊन हाक मारायची, तिथला एक खडा उचलायचा आणि निघायचं. वाटेत थांबायचं नाही, मागं पाहायचं नाही. वळण आलं की सांगायचं, वळण आलं, वळ. नाला आला की सांगायचं, नाला आला, ओलांड. आणि जो जसा गेला तसाच त्याला आणायचा. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. मी जीप करतो म्हणालो, तर माझी थोरली बहीण शकुबाई चिडली.

"सायकलवर गेलं लेकरू, सायकलवरच येईन. जीपमधी कोंबतं काय त्याले?"

माझे गुडघे तेव्हा सुजलेले होते. कुलदीप म्हणाला, "मी आणतो, काका. त्या रस्त्याचं वळण अन् वळण मले पाठ हाय."

त्यानं आणला. खडा दहाव्यापर्यंत देवाजवळ ठेवला आणि मग पैनगंगेत सोडला. परत येताना शकुबाईनं सगळ्यांना बजावलं, आता त्याचं नाव घेऊन हाक मारायची नाही. नाव नदीला दिलं.

सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. तरी आशाबाई रात्री अंथरुणावर पाठ टेकेना. दाराच्या चौकटीला टेकून बसायची.

"तो आला नाई," म्हणायची. "आला असता तं मले समजलं असतं."

तिचे डोळे आत गेले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या. गोळी घेऊनही ती तिथंच बसायची, फक्त मान खाली पडायची. मुलगा गेला होता. आता तिला जाताना मी रोज थोडं थोडं पाहत होतो.

पौषात एका दुपारी कुलदीप घरी आला. बराच वेळ पाण्याचा गिलास हातात फिरवत बसला.

"काका, एक सांगू? हसू नका."

"हसायले राह्यलं काय आता? सांग."

"घाट चढून राह्यलो होतो. मागून फ्रीव्हीलची टिकटिक येऊन राह्यली होती."

सायकलच्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील पाय थांबले की वाजतं. उतारावर पाय सोडले की टिकटिक सुरू होते. चढावर पाय मारावेच लागतात, तेव्हा ते गप्प असतं. 

"असेल कोणी उतरणारा," मी म्हणालो.

"उतरणारा समोरून येते, काका. हे मागून येत होतं. वर."

तो पुढं सांगत राहिला. सगळ्यात मागं असलेल्याला ते ऐकू यायचं. आधी पोरांनी एकमेकांची टिंगल केली. मग घाटाचा रस्ता सोडून जैनथकडं जाऊ लागले. तर तिथंही.

"तिथं मी थांबलो. म्हटलं, पाहू तं खरं. ते माह्या बाजूनं पुढं गेलं अन् थोडं दूर जाऊन बंद झालं. मी मागं पडलो का पंकज थांबायचा ना, काका, तसं."

"मग?"

"मग मी सायकल विकली."

आशाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

"त्याले आणलं तवा दारात काय म्हनला तू?"

"घर आलं, म्हनलो."

"अन् उतर?"

कुलदीपचं तोंड वाकडं झालं. "तुमी दार उघडलं, काकू. तुमाले पाह्यलं अन् मले रडूच आलं. तुमी खडा हातातून घेतला. मी... नाई म्हनलो."

आशाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रागावली नाही. "माह्यं लेकरू आजून सायकलवरच हाय," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुमी जाता का मी जाऊ?"

मला ते पटलं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांत किती दिवसांनी काहीतरी हललं होतं. त्यासाठी मी कुठंही गेलो असतो.

पहाटे माझी काळी सायकल मालाच्या ऑटोत टाकली आणि घाटात त्या वळणाच्या वर उतरलो. ऑटोवाला परत गेला. धुकं होतं. सागाची मोठी पानं थंडीनं आपोआप गळत होती आणि प्रत्येक पान पडल्याचा आवाज येत होता. बाभळीला कापूस तसाच होता, दवानं भिजून लोंबलेला.

मी वळणावर उभा राहिलो.

खालून टिकटिक आली.

हळू. सारखी. उताराची चाल, पण वर येणारी. मी रस्त्याकडं पाहत होतो. दिवस उजाडला होता आणि समोरचा रस्ता चांगला दिसत होता. त्यावर काही नव्हतं. आवाज माझ्याजवळून गेला आणि वळणापलीकडं थांबला.

नाव ओठांवर आलं होतं. नदी आठवली, गिळलं.

"बाळा," मी म्हणालो. "चल घरी."

काही झालं नाही. मी वाकून एक खडा उचलला, खिशात घातला, सायकलवर बसलो.

कॅरिअर करकरलं. मागं कोणी बसलं की हँडल हातात हलकं होतं. भाजीची पोती वाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं. वजन फार नव्हतं. मला वाटलं, मेलेल्या माणसाला वजन तरी किती असणार.

"वळण आलं, वळ." मी सांगत गेलो. "नाला आला, ओलांड." घाट उतरला. कुठंही थांबलो नाही. गुडीहत्नूरला म्हणालो, "मोठा रस्ता आला. उजवीकडं वळ." लॉऱ्या अंगावर आल्यासारख्या जात होत्या. एक फार जवळून गेली तेव्हा मागून माझा सदरा ओढला गेला. दोन्ही बाजूंनी. पार खाली, कमरेपाशी.

मी रडत होतो. "भिऊ नको," म्हणालो. "मी हाय ना." टमाट्याचा भाव सांगितला. आई झोपत नाही, हे सांगितलं. आता तू आलास की झोपेल, म्हणालो.

सदरा सुटला नाही.

घराशी आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आशाबाई दारात उभी होती. केस विंचरलेले, पंकजला आवडायचं ते हिरवं लुगडं.

"घर आलं," मी म्हणालो. "उतर."

कॅरिअर हलकं झालं.

आशाबाई माझ्या मागं पाहत होती. चेहरा उजळला होता. तिची नजर माझ्या डोक्याच्या उंचीवर होती. मग ती खांद्यावर आली. मग आणखी खाली. तिथं थांबली.

चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं काहीतरी गेलं.

"काय म्हणून हाक मारली होती?" तिनं हळूच विचारलं.

"बाळा म्हनलो."

तिनं डोळे मिटले. "आपला तिथंच राह्यला," म्हणाली.

मी वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं. सायकल होती, तुळस होती.

आशाबाई चौकटीतून बाजूला झाली, कोणाला तरी आत येऊ द्यावं तशी. मग लुगड्याचा पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेलो. तिनं दूध गरम केलं, वाटीत ओतलं आणि त्यात भाकरी कुस्करायला लागली. बारीक, पार बारीक.

"हे कोणाले?" मी विचारलं.

"हळू बोला. भेलं हाय ते."

"कोणाचं हाय?"

"कोणाचं तरी असंल," ती म्हणाली. "खाऊ तं द्या आधी."

तिनं वाटी जमिनीवर ठेवली, समोर मांडी घालून बसली आणि दुधावर फुंकर मारली. साय तिच्यापासून दूर सरकली.

ती थांबली. थोड्या वेळानं पलीकडून साय तिच्याकडं सरकली.