गाळलेलं नाव

नॅशव्हिलमध्ये गायला आलेली प्रत्येक मुलगी आधी कुणाच्या तरी टेबलावर कॉफी ओतते. मीही ओतत होते. त्या दुपारी गुणगुणत ओतत होते, म्हणून कप भरला, बशी भरली आणि उरलेली एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर गेली.

"भाजलं का हो साहेब?"

"भाजलं. पण थांबलीस का? पुढची ओळ म्हण की."

हा वेंडेल. रेकॉर्ड काढायचा धंदा, बोलणं मोजकं, आणि डोळे असे की... जाऊ दे. माझं पहिलं गाणं त्यानंच काढलं. ते केंटकीपासून टेक्सासपर्यंत वाजलं. मग दुसरं, मग तिसरं. लोक आमचं नाव जोडीनंच घ्यायला लागले. जोडी मात्र स्टुडिओतल्या काचेच्या दोन बाजूंना — मी माइकपाशी, तो यंत्रापाशी. त्यानं एकदा मान वर करून बघावं, म्हणून मी अख्खी सकाळ झुरायचे.

आमच्याकडे रीत अशी की, वादकांना अंदाज यावा म्हणून गायिका आधी कच्चं गाते. ते नंतर पुसतात आणि पक्का आवाज वेगळा भरतात. पुसलंच जाणार, म्हणून मी कच्च्यात वाट्टेल ते गायचे. एका गाण्यात 'परत ये, मुशाफिरा' अशी ओळ होती. मी डोळे मिटले आणि गायले — 'परत ये, वेंडेल.'

गिटारवाला बर्ल खाकरला. "नेल्डा, काचेपलीकडं ऐकू जातं, बरं का."

"जाऊ दे की. कान दिलेत ना देवानं त्याला?"

वेंडेल मान खाली घालून बसला होता. मग मी पक्कं गायले. सूर जागच्या जागी होते, पण जीव नव्हता. मला कळलं, त्यालाही कळलं असणार. त्यानं 'झालं' अशी खूण केली आणि मी दौऱ्यावर निघून गेले.

ओक्लाहोमातल्या एका पेट्रोल पंपावर रेडिओ लागला होता. गाणं आमचंच, आणि चक्क कच्चं. 'परत ये...' — आणि पुढे काहीच नाही. तेवढा माझा आवाज बंद केलेला. नुसती बर्लची गिटार. मेल्यानं माझी हुरहुर ठेवली आणि स्वतःचं नाव तेवढं गाळलं. मला रडू आलं, रागही आला.

ते गाणं सगळ्यांत जास्त चाललं. गाताना मी त्या जागी थांबले की समोरच्या बायका आपापल्या माणसाचं नाव घ्यायच्या. कुणी लढाईवर गेलेल्याचं, कुणी सोडून गेलेल्याचं. मी मात्र रोज माझ्या माणसाचं नाव गिळून पुढची ओळ गायचे.

दौरा संपला तशी थेट यंत्राच्या खोलीत शिरले.

"का पुसलंस?"

"पुसलं नाही. आवाज तेवढा खाली ओढला." त्यानं यंत्रावरची एक पट्टी वर सरकवली. 'परत ये, वेंडेल' — खोलीभर मीच. मी कानकोंडी झाले. त्यानं ते पुन्हा लावलं.

"हे रोज ऐकतोस?"

"हं."

"मग बोलत का नाहीस रे, दगडा?"

तो यंत्राकडे बघत राहिला. "भीती वाटते. तुझ्या गळ्यात जी ओढ आहे ना... लोक तिच्यासाठी आपल्या रेकॉर्ड घेतात. मी हो म्हटलं, तू सुखात राहायला लागलीस, आणि ती गेली तर?"

"तर जाईल. गाणी पडतील. आपल्याला कुत्रंही विचारणार नाही. चालेल तुला?"

वेंडेलनं आजवर कुणाचा एक कणसूर चालवून घेतला नव्हता. त्यानं पट्टीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मी दाराकडे वळले.

"चालेल," तो म्हणाला, आणि त्यानं यंत्र बंद केलं.