वाचून दाखवला, समजला, मान्य आहे

बाबल्या, दार ओढून घे. भुतासाठी नाही रे, मच्छरांसाठी. भूत काय दाराने थांबतं?

ही मसोलीच्या जतीनची गोष्ट. कचेरीबाहेर टेबल टाकून भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं छापून देतो, तोच. त्याने स्वतः सांगितली, शपथेवर. आता जो माणूस शपथा टाइप करून विकतो त्याची शपथ किती धरायची, ते तुमचं तुम्ही बघा.

गेल्या साली डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार, रात्रीचे साडेआठ. अमावास्या वगैरे काही नव्हती. भुतांकडे कॅलेंडर असतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?

जतीन घरीच काम करत होता. बायको विनिता झाईला माहेरी गेलेली, म्हणून डाळीची फोडणी करपलेली आणि हा पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. काम साधं. तलासरीच्या मनिषशेठचा, म्हणजे सहा ट्रकांच्या मालकाचा, एका ड्रायव्हरबरोबरचा करारनामा. नऊ वाजता शेठचा माणूस पाकीट न्यायला येणार होता.

शेठची एक पद्धत होती. ड्रायव्हर कामाला लागला की त्याच दिवशी कोऱ्या स्टॅम्प पेपरवर तळाला त्याचा अंगठा घ्यायचा आणि पेपर कपाटात टाकायचा. वरचा मजकूर गरज पडेल तेव्हा. पोर व्हायच्या आधीच जन्मदाखला काढल्यासारखं.

आता गरज पडली होती. लाहू नावाचा ड्रायव्हर महिन्याभरापूर्वी हायवेच्या उतारावर गाडीसकट गेला. ब्रेक लागला नाही. त्याची बायको भिकी भरपाई मागायला उभी राहिली, आणि त्या रात्रीनंतर लगेच सकाळी कोर्टात तारीख होती. लाहूचा तो कोरा पेपर शेठने जतीनकडे पाठवला होता; त्याला लाहूच्याच अंगठ्याच्या वर एक कलम हवं होतं, की ब्रेक-टायर तपासायची सगळी जबाबदारी ड्रायव्हरची. हा कागद पुढे गेला की मेलेला लाहू दोषी आणि भिकीच्या हाती धुपाटणं.

जतीनला हे ठाऊक होतं का? होतं की. पण सहा ट्रकांचं काम एका दारातून येत असलं की माणसाची नजर जरा कमजोर होते.

तरी त्याला बसवत नव्हतं. उठायचा, पाणी प्यायचा, परत बसायचा. मजकूर अंगठ्याच्या बरोबर वर संपायला हवा, कमी पडला तर संशय, जास्त झाला तर अक्षरं अंगठ्यावर. शेवटी जागा भरायला त्याने नेहमीची ओळ टाकली. ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, मान्य आहे.’ बावीस वर्षं प्रत्येक करारावर छापली होती ती. वाचून एकदाही दाखवलं नव्हतं.

प्रिंटरने कागद दोनदा ओकला. तिसऱ्यांदा घेतला.

कागद हातात घेऊन वळला तर खिडकीच्या जाळीतून दिसलं, बाहेर पायरीवर कोणीतरी पाठमोरं बसलंय.

"कोण रे?"

"ड्रायव्हर."

"शेठने पाठवलं? थांब, पाकिटात घालतो."

"पाकीट नको. वाचून दाखवा."

जतीन हसला. "तुला काय करायचंय वाचून? न्यायचं आणि द्यायचं."

"अंगठा घेतला तवा कोणी वाचला नाय. खाली लिवलाय ना तुमी, वाचून दाखवला म्हणून."

जतीनचं हसू गेलं. कागद त्याच्या हातात होता. छापील बाजू स्वतःकडे. आणि तो माणूस अजून पाठमोराच.

"उद्या ये कचेरीत," तो बोलला.

"उद्या तारीख हाय. वाचा."

का वाचलं, ते त्याला अजून सांगता येत नाही. पण वाचलं.

"कलम एक. ड्रायव्हरने नशापाणी करू नये."

"कवा केला नाय."

"कलम दोन. मालाची... मालाची काळजी घ्यावी."

"घेतली."

"कलम तीन..."

इथे थांबला. खाकरला. परत सुरू केलं. "गाडीचे ब्रेक, टायर तपासण्याची सर्व जबाबदारी ड्रायव्हरची राहील."

शेजारच्या वाडीतलं कुत्रं इतका वेळ भुंकत होतं. ते थांबलं.

"शेठला तीन वेळा सांगला. ब्रेक धरत नाय म्हणून. तिसऱ्या वेळी शेठ जेवत होता. बोलला, डिझेल भर नि निघ."

"तू..." जतीन जाळीपासून मागे सरला. "लाहू?"

"पुढं वाचा."

"वरील मजकूर मला वाचून दाखवला..."

"दाखवला."

"समजला..."

"समजला."

"मा..."

शब्द येईना.

पायरीवरून हळूच विचारलं, "तुमाला मान्य हाय?"

जतीनला एवढंच हवं होतं, की ते जावं. "हो," तो बोलला. "हो बाबा. मला मान्य."

"मग झाला."

पायरी रिकामी. फाटकाची कडी आतून लावलेली... तशीच.

नऊला शेठचा माणूस मोटरसायकलवरून आला. आणि बघा हं, जतीनने पाकीट दिलं. एवढं होऊनही दिलं. तो कागद घरात नको, दुसरं काही सुचलंच नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी तारखेला भिकीच्या वकिलाने लाहूचा बँकेतला अंगठा मागवला. पुढच्या तारखेला दोन्ही तपासले. जुळले नाहीत. कागदावरचा अंगठा लाहूचा नाहीच. कागद बाद झाला, भिकीचा दावा उभा राहिला, आणि शेठ घरी येऊन ओरडून गेला, "जतीन, तू पेपर बदललास." मग अंगठा कोणाचा? ते कोणी विचारलं नाही.

शितल, स्वतःचा हात कशाला बघतेस? अजून राहिलंय.

जानेवारीत तो रेशनला गेला. मशीनवर उजवा अंगठा ठेवला. घेईना. दुकानदार बोलला, "पुसून ठेवा, जतीनभाई." पुसला. घेईना. "जोरात दाबा." दाबला. रांगेतली माणसं हसायला लागली.

तेव्हा त्याने अंगठा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरला.

एक रेष नव्हती. नुकत्याच सोललेल्या ताडगोळ्यासारखा... गुळगुळीत.